रस्त्याकडे तोंड असलेले हॉटेल: तळमजल्याची आखणी, मापे आणि नेहमी चुकणाऱ्या गोष्टी

शहरातल्या निवासी हॉटेलचा आराखडा बहुतेक वेळा खोलीपासून सुरू होतो. खोलीची रुंदी ठरते, एका मजल्यावर किती खोल्या बसतात ते ठरते, मग लिफ्ट, जिने आणि पार्किंग. या सगळ्यातून जे उरते ते रस्त्याच्या वाट्याला येते: कुंपणाची भिंत, पहारेकऱ्याची चौकी, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि मोटारींसाठी मोठा पोर्च. इमारत तयार झाल्यावर कुंड्या ठेवून किंवा रोषणाई करून हे झाकता येत नाही, कारण चूक मुळात क्रमात झालेली असते.

या लेखातला क्रम उलटा आहे. रस्त्यालगतची सहा-सात मीटरची पट्टी आणि त्यावरची साडेचार मीटरची उंची आधी ठरवायची, बाकीची इमारत तिच्यामागे आणि तिच्यावर रचायची. हिशेबासाठी एक नमुना धरू: पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरच्या बाजारपेठेतला कोपऱ्यावरचा भूखंड, समोर १८ मीटरचा रस्ता, बाजूला ९ मीटरची गल्ली, सुमारे ६० खोल्या, तळमजला अधिक सहा मजले. इमारतीची रस्त्याकडची लांबी २४ मीटर आणि पुढचे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा, साडेचार मीटर. बृहन्मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० सालची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईला २०३४ च्या विकास आराखड्याची नियमावली. दाट वस्तीत अंतरे बदलतात, म्हणून पहिली रेघ मारण्याआधी आपल्या भूखंडाला लागू असलेली अंतरे काढून घ्या.

आधी रस्ता मोजा

कामाच्या एका दिवशी आणि एका रविवारी सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ९ वाजता पंधरा-पंधरा मिनिटे पादचारी मोजा. आकड्याला चारने गुणले की ताशी वर्दळ मिळते. नुसत्या संख्येवर थांबू नका. लोक कोणत्या दिशेने येतात, बायका आणि म्हातारी माणसे कुठे रस्ता ओलांडतात, रिक्षा कुठे थांबतात आणि सावलीसाठी माणसे कुठे रेंगाळतात, हेही नोंदवा. लोक जिथून येतात त्या बाजूच्या टोकाला हॉटेलचा रस्त्यालगतचा कॅफे जातो. हा निर्णय मोजणीशिवाय घेतला तर तो अंदाजच राहतो.

त्याच नकाशावर झाडांचे बुंधे, विजेचे खांब, विजेची पेटी (डीपी), मॅनहोल, पावसाळी गटाराची झाकणे आणि बसथांबा मापासह मांडा. आजूबाजूच्या दुकानदारांना विचारून मोठ्या पावसात पाणी कुठवर चढते ती खूण भिंतीवर करून घ्या. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता ऊन कुठे पडते तेही पाहा.

बाजारपेठेत आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे मिरवणुकीचा मार्ग. पुण्यात गणेश विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. हॉटेलचे एकमेव फाटक अशा रस्त्यावर असेल तर तेवढा वेळ मोटार, धुण्याची गाडी आणि भाजीपाला सारेच अडते. शेजारच्या गल्लीचे महत्त्व इथे कळते.

मोटार आणि सामान गल्लीतून

रस्त्याशी नाते तोडणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पोर्च. आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन फाटके समोर ठेवली की ७ ते १२ मीटर दर्शनी लांबी डांबराखाली जाते आणि पादचाऱ्याला दोन ठिकाणी मोटारी चुकवाव्या लागतात. साठ खोल्यांच्या हॉटेलला एवढ्या पोर्चची गरज नसते. गल्लीच्या बाजूला, आपल्याच हद्दीत, प्रत्येकी ६ मीटर धरून दोन-तीन मोटारी समांतर थांबतील एवढी जागा पुरते. तिथून हॉटेलच्या दारापर्यंत डोक्यावर छप्पर हवे, म्हणजे पावसात बॅगा भिजत नाहीत.

गल्लीवरचे फाटक ६ मीटर रुंद ठेवा. अग्निशमन बंबाला तेवढी रुंदी, कमानीखाली साडेचार मीटर मोकळी उंची आणि वळायला ९ मीटरची त्रिज्या लागते, असे धरून चाला. नमुन्यातली इमारत १५ मीटरपेक्षा उंच असल्यामुळे राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती बहुमजली समजली जाते आणि भोवतीची वाट बंबाचे वजन पेलणारी असावी लागते. पुढच्या अंतरातून बंब फिरणार की तो रस्त्यावरूनच काम करणार, हा प्रश्न अग्निशमन अधिकाऱ्यांना पहिल्याच बैठकीत विचारा. हे उशिरा विचारल्यामुळे कितीतरी ठिकाणी तयार झालेले कट्टे आणि लावलेली झाडे काढावी लागतात.

समोरून मोटार नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर एकच फाटक, ३.५ मीटरचे, एकेरी वाहतुकीचे ठेवा. तिथे पदपथ खाली उतरवायचा नाही. पदपथ त्याच पातळीत आणि त्याच फरशीत सलग न्या, चढ मोटारीला द्या. हा चढ कडेच्या दगडाजवळच्या, म्हणजे खांब आणि झाडांच्या पट्टीत बसतो. पदपथ उतरवला की तिथे पाणी साचते, चाकाची खुर्ची कलंडते आणि मोटारचालक ती वाट आपलीच समजतो.

जोत्याचा प्रश्न

आपल्याकडे हॉटेल आणि रस्ता यांची फारकत मुख्यतः जोत्यापाशी होते. पाणी आत येऊ नये म्हणून जोते साधारण ४५० मिमी उंच घेतात. तेवढी उंची दारातच चढायची म्हटली तर तीन पायऱ्या आणि १:१२ उताराचा ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. हा रॅम्प नंतर आठवतो, मग तो कुठल्यातरी बाजूला लोखंडी कठड्यासह चिकटवला जातो आणि चाकाच्या खुर्चीवरचा पाहुणा मागच्या दाराने आत येतो.

उपाय म्हणजे ही उंची तीन टप्प्यांत वाटून घेणे. साडेचार मीटरच्या अंतरातली पहिली दीड मीटरची पट्टी पदपथाच्या पातळीतच, त्याच दगडात करा. त्यामुळे पदपथ तेवढा रुंद होतो. पुढच्या तीन मीटरला १:२० चा उतार दिला की १५० मिमी चढून होतात. एवढ्या सौम्य उताराला कठडा लागत नाही आणि चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. उरलेले ३०० मिमी ओसरीच्या, म्हणजे काचेपुढच्या झाकलेल्या पट्टीच्या, कडेला येतात: १५० मिमीच्या दोन पायऱ्या आणि त्यांना लागून, दर्शनी भिंतीला समांतर, ३.६ मीटरचा रॅम्प. रॅम्पची रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही टोकांना दीड मीटर सपाट जागा. पायऱ्या आणि रॅम्प एकाच ठिकाणी सुरू झाले पाहिजेत, म्हणजे चालणारा आणि चाकावरचा एकाच दाराने आत जातात.

ओसरीच्या उरलेल्या कडेवर १५० मिमीचा दगडी थर चढवला की बाहेरून ४५० मिमी उंचीचा कट्टा तयार होतो. रुंदी ४५० ते ६०० मिमी ठेवा. आतून हा थर पायात येण्याइतका बुटका असतो, म्हणून आतल्या बाजूने त्याला लागून टेबले मांडा. कट्ट्यावर बसायला काही विकत घ्यावे लागू नये. मालक इथे हमखास बिचकतात आणि टोकदार लोखंड किंवा तिरकी फरशी लावून मोकळे होतात. पण दारासमोर बसलेली चार माणसे, वाट पाहणारी आजी आणि शाळेतून परतणारी मुले यांच्यामुळेच नव्या पाहुण्याला, विशेषतः एकट्या आलेल्या बाईला, तो रस्ता रात्री सुरक्षित वाटतो.

उताराचे पाणी रस्त्याकडे येते, म्हणून हद्दीच्या रेषेवर जाळीची सलग पन्हळ टाका आणि ती पावसाळी गटाराला जोडा. तिची जाळी काढता येणारी हवी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पानांनी तुंबते. आणखी एक धोका असा की रस्ता खरवडल्याशिवाय त्यावर डांबराचे नवे थर चढत जातात आणि पाच-दहा वर्षांत रस्ता आपल्या फरशीपेक्षा वर जातो. पातळ्या ठरवताना याची थोडी तजवीज ठेवा, आणि डांबरीकरणाआधी जुना थर खरवडण्याची मागणी पालिकेकडे लेखी करा.

ओसरी: ऊन आणि पाऊस

मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, १८९६ च्या नियमाने इमारतींना तळमजल्यावर कमानींची ओसरी ठेवावी लागली. इमारतींच्या शैली एकमेकींपासून अगदी निराळ्या, पण खालून चालणाऱ्याला एकच सलग सावली मिळते. सिंगापूरच्या १८२२ च्या नगररचनेतही दुकानांपुढे पाच फुटी झाकलेली वाट सक्तीची होती. पावसाच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या टिकलेली ही रचना आजच्या हॉटेलातही कुठल्याही काचेच्या भिंतीपेक्षा चांगली चालते.

आपल्या नमुन्यात तळमजल्याची काच पहिल्या मजल्याखाली २ मीटर आत घ्या. आता पावसाचा हिशेब करू. वाऱ्यासोबत येणारा पाऊस उभ्या रेषेशी ३० अंश कलला तर छताच्या उंचीच्या ०.५८ पट अंतर आत भिजते. छत ३.३ मीटरवर असेल तर १.९ मीटर भिजते, म्हणजे सगळी ओसरी ओली आणि टेबले आत. म्हणून कडेला २.६ मीटर उंचीवर, ७५० मिमी बाहेर येणारा छज्जा द्या. आता एकूण झाकलेली खोली २.७५ मीटर, भिजणारी १.५ मीटर, आणि काचेलगत सव्वा मीटर कोरडे राहते. एक खुर्ची आणि लहान टेबल एवढ्या जागेत बसते. उंच, भव्य छत कागदावर शोभते, पण जून ते सप्टेंबर निरुपयोगी ठरते.

पश्चिमेला तोंड असेल तर छज्जा पुरत नाही, कारण दुपारचे ऊन खालून, सरळ आत येते. तिथे लाकडी किंवा धातूच्या उभ्या पट्ट्या, वर गुंडाळणारे पडदे आणि झाडे हवीत. शोभेच्या पामची सावली पडत नाही. ताम्हण, बहावा, करंज हे पर्याय बरे, ६ ते ८ मीटरच्या अंतराने, खड्डा १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. बुंध्याभोवती काँक्रीट ओतू नका. पूर्वीपासून असलेले झाड तोडणे किंवा छाटणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून आराखडाच झाडाभोवती वळवा.

२४ मीटर कसे वाटायचे

सहज चालणारा माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जातो. पाच-सहा मीटरवर काहीतरी नवे दिसले, दार, काउंटर किंवा माणूस, तर दर चार सेकंदांनी नजरेला खाद्य मिळते. २४ मीटर एकच काच असेल तर तो अंतर कापतो आणि पुढे जातो.

वरच्या खोल्या मध्यापासून मध्यापर्यंत ३.९ मीटरच्या धरल्या तर खांब ७.८ मीटरवर येतात आणि समोर तीन गाळे मिळतात. कोपऱ्यावरचा पहिला गाळा पूर्ण कॅफेला. मधल्यात ४ मीटर हॉटेलचे दार आणि ३.८ मीटरचे एक दुकान. तिसऱ्यात ३.८ मीटरचे दुसरे दुकान, २ मीटर पाणपोई आणि बसायचा कोनाडा, २ मीटर यंत्रणा. यंत्रणांना दोन मीटरच का, तर न अडवल्यास त्या सगळी दर्शनी बाजू खातात. बंबाला पाणी जोडण्याची तोंडे आणि मीटर समोर हवेत, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर मात्र गल्लीच्या बाजूला. वीज कंपनीला उपकेंद्राची जागा आराखड्याच्या टप्प्यातच दाखवा. ती नंतर मागितली तर उरलेली मोकळी जागा नेमकी कॅफेची असते.

वरच्या न्हाणीघरांचे नळ खाली कुठे उतरतात ते इथेच पाहायचे. न्हाणीघरे मार्गिकेकडे ठेवली तर शाफ्ट, म्हणजे नळांचे उभे मार्ग, दर्शनी भिंतीपासून साडेपाच-सहा मीटरवर येतात. ओसरीचे २ मीटर वजा करून काचेमागे साधारण पावणेचार मीटर मोकळे मिळतात. शाफ्टच्या रेषेत कॅफेचा काउंटर, त्यामागे मुदपाकखाना. न्हाणीघरे दर्शनी बाजूला घेतली तर सांडपाण्याचे नळ नेमके कॅफेच्या छतातून फिरवावे लागतात, उतारासाठी छत खाली येते आणि गळती पाहुण्याच्या टेबलावर होते. साडेचार मीटरच्या तळमजल्यात ६०० मिमी तुळई आणि तेवढीच नळ-वाहिन्यांची जागा वजा केली तरी ३.३ मीटर उंची हातात राहते.

कॅफे सुमारे २९ चौरस मीटरचा होतो. आत चौदा-सोळा जण, ओसरीत आणखी आठ. त्याला रस्त्यावरून स्वतंत्र दार हवेच. हॉटेलच्या लॉबीतून कॅफेत जावे लागले तर शेजारपाजारचे लोक येत नाहीत, त्यांना तो परक्याचा दिवाणखाना वाटतो. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली उघडलेल्या एस हॉटेलची लॉबी आणि तिथले कॉफीचे दुकान शहरातल्या लोकांनी भरलेले असत, ते या मोकळ्या दारांमुळे. त्याच शहरात टाइम्स स्क्वेअरवरच्या १९८५ च्या मॅरियट मार्कीची लॉबी आठव्या मजल्यावर नेली होती. खाली शहरातला सर्वांत गजबजलेला चौक आणि हॉटेलचा जीव आकाशात, अशी ती रचना.

दुकाने १४-१५ चौरस मीटरची राहतात आणि ती तशीच लहान ठेवा. फुलवाला, शिंपी, औषधे, फरसाण, पुस्तके यांतून निवडताना भाड्यापेक्षा वेळ पाहा: एक सकाळी लवकर उघडणारे, एक रात्री उशिरापर्यंत चालणारे. करारनाम्यात तीन अटी लिहा. शटर बंद पत्र्याचे नको, जाळीचे हवे. काचेचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग चिकटपट्ट्यांनी झाकायचा नाही. दुकान बंद असले तरी रात्री ११ पर्यंत आतला एक दिवा चालू. पाटीची जागाही छज्जाच्या पट्टीतच ठरवून द्या.

काच, दिवे, आवाज

गडद किंवा आरशासारखी काच तळमजल्यावर वापरू नका. दिवसा बाहेरच्याला त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. निदान ६५ ते ७० टक्के प्रकाश पार करणारी स्वच्छ काच घ्या, उष्णता ओसरी अडवते. काच आरपार दिसायला आतली भिंतही उजळ लागते, म्हणून काउंटरच्या मागच्या भिंतीवर दिवसाही प्रकाश ठेवा. रात्री २७०० ते ३००० केल्विनचे उबदार दिवे, आणि ते माणसांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे. जमिनीतून वर मारणारे दिवे डोळ्यांत जातात आणि पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडतात.

पहिल्या मजल्यावर शक्यतो खोल्या न ठेवता सभागृह किंवा भोजनगृह ठेवा. तिथला उजेड आणि हालचाल रस्त्यावरून दिसते आणि झोपणारे पाहुणे गोंगाटापासून एक मजला दूर जातात. रस्त्याकडच्या खोल्यांना दुहेरी काच लावताना दोन्ही थर वेगवेगळ्या जाडीचे घ्या, त्यांतला एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेला. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच स्वराला एकदम कंप पावतात आणि तो आवाज आत येतो. चौकटीभोवतीची फट मात्र नीट बुजवली नाही तर महागड्या काचेचा पैसा वाया जातो. ओसरीत ध्वनिवर्धक लावायचाच असेल तर रात्री १० ची मर्यादा लक्षात ठेवा.

दार आणि सुरक्षा

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या दारात धातुशोधक चौकट आणि बॅगा तपासण्याचे यंत्र आले. मध्यम हॉटेलाने तेच तसेच उचलले की दार नाक्यासारखे दिसते. तपासणी दारात न करता आत, लिफ्टच्या आधी करा. यंत्राला पुढेमागे माणसे धरून चार-पाच मीटर लांबी लागते, ती लॉबीच्या बाजूच्या भिंतीलगत काढा. कॅफे आणि दुकाने या रेषेबाहेर राहतात. लिफ्ट खोलीच्या कार्डानेच चालावी.

मोटार आत घुसू नये म्हणून खांब लावायचे तर मधले मोकळे अंतर १.२ मीटर ठेवा, उंची सुमारे ९०० मिमी. धडक सोसणाऱ्या खांबांना खोल पाया लागतो आणि तिथे नेमक्या पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या असतात, म्हणून आधी खोदून पाहा. पुष्कळदा जड दगडी कट्टाच हे काम करतो.

फरशी, घाण, फेरीवाले

बाहेर गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा पॉलिश केलेला कडप्पा वापरला की पावसात माणसे घसरतात. टाकी मारलेला काळा दगड किंवा खरबरीत शहाबादी घ्या. पिंका आणि लघवी अंधाऱ्या, आत वळलेल्या कोपऱ्यात आणि खिडकी नसलेल्या भिंतीपाशी होते. देवांच्या फरशा लावण्यापेक्षा असा कोपरा आराखड्यातच राहू देऊ नका. जिथे तो टळत नाही तिथे सव्वा मीटर उंचीपर्यंत धुता येणारा दगड, वर दिवा आणि जवळ पाण्याची तोटी द्या. वातानुकूलनाची गरम हवा आणि ठिबकणारे पाणी पदपथावर येऊ नये. मुदपाकखान्याचा धूर थेट गच्चीवर न्या.

समोर आधीपासून फेरीवाले असतील तर त्यांना हटवण्याच्या खटपटीत पडू नका. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण आहे, आणि त्यांच्यामुळेच तो रस्ता सकाळ-संध्याकाळ जागा असतो. पदपथावर चालायला अडीच मीटर मोकळे राहील अशा खुणा पालिकेसोबत ठरवा, कचऱ्याचा डबा द्या आणि पाणपोईचे पाणी त्यांनाही घेऊ द्या. कॅफेतले स्त्रियांचे स्वच्छतागृह विचारणाऱ्या प्रत्येकीला वापरू देणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा निर्णय आहे. त्यासाठी ते काउंटरच्या आत न ठेवता दाराजवळ ठेवा, जिथून मागावे लागणार नाही.

काम सुरू करण्याआधी आणि उघडल्यावर

जागेवर चुन्याने पूर्ण मापाची आखणी करा: कट्टा, पायऱ्या, रॅम्प, दार, टेबले. त्यावरून चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि दोन मोठ्या बॅगा घेतलेला माणूस फिरवून पाहा. ओसरीच्या छज्जाची उंची बांबू बांधून दाखवा. कागदावर न दिसणाऱ्या अडचणी इथे तासाभरात दिसतात.

कंत्राटात पुढच्या अंतराचे काम वेगळ्या रकमेने लिहा. सगळ्यात शेवटी होणारे काम असल्यामुळे पैसे संपले की पहिली काटछाट तिथेच होते आणि दगडाच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात.

हॉटेल सुरू झाल्यावर पदपथासकट पुढचा भाग सकाळी ६, दुपारी ३ आणि रात्री १० वाजता झाडला गेला पाहिजे, आणि त्यासाठी एक माणूस नावानिशी नेमलेला हवा. पावसाळ्याआधी पन्हळ आणि छज्जाची गटारे साफ करा. सहा महिन्यांनी सुरुवातीची पादचाऱ्यांची मोजणी त्याच वेळांना पुन्हा करा, आणि या वेळी किती जण थांबले, बसले किंवा आत डोकावले तेही लिहा. कुठल्या गाळ्यासमोर कोणीच थांबत नसेल तर तिथले दुकान बदलायचे, की दिवा, की बसायची जागा, ते या नोंदींवरून ठरवा.